मुरगाव बंदरात मिथेनॉलच्या टाक्या आत्ताच हव्यात का?

वास्कोकर:
मी सरळच बोलतो, मुरगावनं जहाजांना मिथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच्या जातीचं इंधन, भरून द्यायची सोय आत्तापासून करायला घ्यावी. लॉरा मर्स्क हे कंटेनर जहाज 2023 मध्ये हिरव्या, म्हणजे कोळसा-वायूऐवजी जैविक कचरा किंवा अक्षय ऊर्जेपासून बनवलेल्या, मिथेनॉलवर धावायला लागलं, त्याच वर्षापासून आपल्याकडे स्वच्छ जहाजांना पोर्ट चार्जेसमध्ये सूट आहे, मग इंधनाचं काय? जहाजवाले म्हणतात बंकरिंग, म्हणजे इंधन भरायची सोय, नाही, बंदरवाले म्हणतात जहाजं नाहीत. कुणीतरी आधी सुरुवात करायला पाहिजे ना!

इंजिनरूमवाला:
वास्कोकरबाब, तळमळ कळते, पण घाई नको. मिथेनॉलच्या ट्रेनिंगला गेलेलो तेव्हा भर उन्हात सरांनी ट्रेमध्ये ते पेटवलं, आम्ही बघतोय तर ज्वाळाच दिसेना, नुसती वरची हवा थरथरतेय, मग त्यांनी काठीला फडकं बांधून वर धरलं आणि ते भप्पकन पेटलं. इंजिनरूममध्ये अशी आग लागली तर पोरांना कळणार कसं? डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो, 60 अंशांच्या वर, याचा 12 च्या आसपास. त्यात तेवढ्याच ताकदीला टाकी जवळजवळ अडीचपट लागते. आणि बाजारातलं बहुतेक मिथेनॉल आजही नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून बनतं, ते जाळून एकूण कार्बन कसा कमी होणार?

बायणाची:
मला तर अमोनियाची भीती वाटते, जहाजाचं इंधन म्हणून त्याचंही नाव चर्चेत आहे. कार्बन नाही हे खरं, पण विषारी आहे आणि आमची घरं बंदराला लागून. 2019 ला दोनापावलाजवळ नाफ्था हे पटकन पेटणारं तेल भरलेलं जहाज खडकावर अडकलेलं, ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. त्यात अमोनिया असता तर?

वास्कोकर:
ताई, अमोनियाला माझाही विरोध आहे, मी मिथेनॉलचंच म्हणतोय. ते सांडलं तरी पाण्यात मिसळून पातळ होतं, सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात. जड तेलाचं काय होतं ते आपण दर पावसाळ्यात बघतोच, किनाऱ्यावर ते काळे टारबॉल, म्हणजे घट्ट झालेल्या तेलाचे गोळे, माझ्या मुलीच्या तळपायाला चिकटलेलं डांबर मी खोबरेल लावून लावून काढलंय.

इंजिनरूमवाला:
हे मान्य, टारबॉलचं दुःख मलाही आहे. पण मग टाकीच्या आधी इथे ट्रेनिंग सेंटर काढा, गोव्यातल्या घराघरांत तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे, आहेत, त्यांना न दिसणारी आग विझवायला शिकवा. तेवढं झालं की टाकीसाठी सही करायला मी पहिला येतो.