आपण नायिकांचे चाहते, की त्यांच्या पदराचे?

पाचपाखाडीकरीण

आमच्या सोसायटीत जुन्या मराठी नायिकांवर गाणी-आठवणींचा कार्यक्रम ठरतोय. समितीने नावं काढली: सुलोचनादीदी, जयश्री गडकर, सीमा देव, आशा काळे. उत्तम. मी म्हटलं, हंसा वाडकर आणि शांता आपटे पण घ्या. त्यावर एक काका म्हणाले, "शांताबाईंचं एखादं गाणं घेऊ, पण हंसाबाई नकोत. पोरंबाळं असतात." पोरांना नेमकी कसली बाधा होणार, असं विचारलं तर सगळे हसले आणि गाडी वडे किती मागवायचे यावर गेली.

तिथे भांडता आलं नाही, म्हणून इथे भांडते. आपण या बायकांवर प्रेम करतो ते निवडून-पाखडून. डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी, तोंडातून चकार शब्द नाही, एवढं जमलं की ती आपली. बाकीचं आपण सोयीने विसरतो.

'कुंकू' घ्या. साल १९३७. मामाने फसवून नीराचं लग्न एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून दिलेलं. ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने बडवते. त्या घरात तिच्या बाजूने उभी राहते ती त्याच म्हाताऱ्याची सुशिक्षित मुलगी, म्हणजे शकुंतला परांजपे. आज घरात असं काही घडलं तर आपल्यातले किती जण नीराच्या बाजूने बोलतील? आणि नीरा झालेली शांता आपटे स्वतः कशी होती, तर १९३९ मध्ये कंपनीशी वाजलं तेव्हा प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकावर उपोषणाला बसली. पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं, या धंद्यात येऊ बघणाऱ्या मुलींना आतलं सगळं उघडं करून सांगणारं. आपल्याला मात्र तिचं एखादं गाणं पुरतं.

हंसाबाईंचं तर विचारूच नका. १९४१ ला 'संत सखू' त्यांनीच केली आणि १९४७ ला 'लोकशाहीर राम जोशी'मधली तमासगीर बयाही त्यांनीच. सखूला हात जोडणारा आणि बयेला शिट्टी मारणारा प्रेक्षक एकच होता हो. दोन्हीत त्याला काही खटकलं नाही. खटकलं कधी, तर 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनात बाई स्वतःबद्दल बोलायला लागली तेव्हा.

जुना ठाणेकर

ताई, पदराला नावं ठेवणं सोपं आहे. मी गणेश, अशोक, प्रभात या टॉकीजांमध्ये वाढलेला माणूस. 'मोलकरीण' लागला की शेजारपाजारच्या बायका घोळक्याने यायच्या. आई पोटच्या पोराच्या घरात मोलकरीण म्हणून राबते आणि त्याला पत्ता नाही. मध्यंतरात डोळे पुसत बाहेर यायच्या, आणि त्यातली निम्मी रड स्वतःच्या घरची असायची. घरी रडायची सोय नव्हती. ती सोय सुलोचनाबाईंनी करून दिली. याला तुम्ही "पदरावरचं प्रेम" म्हणता?

शिवाय त्याच बाईंनी भालजी पेंढारकरांच्या 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये जिजाऊ उभी केली. तिथेही पदर डोक्यावरच होता, आणि कोणाची नजर वर करायची हिंमत नव्हती. तुमची सोसायटी दोन तासांचा कार्यक्रम करते आहे, कोणाला मान दिला म्हणून दुसरीचा अपमान होत नाही.

पाचपाखाडीकरीण

काका, मान देण्याला माझी हरकत नाहीच. "पोरंबाळं असतात" हे जे वाक्य आहे ना, त्याचं काय करायचं ते सांगा.

सानपाड्याची सासू

दोघांनाही एक विचारते. पदर तर ललिता पवारांच्याही डोक्यावर असायचा. मग त्यांच्यावर कार्यक्रम का नाही? १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगला सहकलाकाराची थप्पड अशी बसली की चेहऱ्याला लकवा भरला, डोळा कायमचा अधू झाला. मूकपटांपासून नायिका असलेली बाई. तिथे एखादी घरी बसली असती. यांनी तोच डोळा घेऊन खाष्ट सासू अशी रंगवली की आमच्या पिढीत कोणी सुनेला जरा बोललं की "ललिता पवार झालीस का" म्हणायचे. मलाही म्हणून झालंय.

'अनाडी'तल्या मिसेस डिसा आठवून बघा. वरून खेकसणारी, आतून त्या भाडेकरू पोराला जीव लावणारी. ती कारागिरी कोणी बघत नाही. चाहते फक्त आवडणाऱ्यांचे असतात, दचकवणाऱ्यांचे नसतात का?

घोडबंदरत्रस्त

ट्रॅफिकमध्ये अडकलोय म्हणून लिहितो. ठाण्यात नाट्यगृहं कोणाच्या नावाने? राम गणेश गडकरी आणि डॉ. काशिनाथ घाणेकर. वाशीत विष्णुदास भावे, कल्याणला आचार्य अत्रे. घाणेकर म्हणजे सुलोचनादीदींचे जावई. जावयाच्या नावाने वास्तू आहे, सासूबाईंच्या नावाने नाही. आणि जीव तर म्हणे आपण दोघांवरही टाकायचो.

कोपरीपूल

डोंबिवलीला सावित्रीबाई फुले आहे की.

घोडबंदरत्रस्त

त्या अभिनेत्री होत्या का?

कोपरीपूल

बरं, पुण्यात बालगंधर्व.

घोडबंदरत्रस्त

झालं मग. बाईच्या भूमिकेला रंगमंदिर मिळतं, फक्त ती पुरुषाने केलेली असावी लागते.

उथळसर

विनोद पुरे, मूळ मुद्द्यावर येतो. पाचपाखाडीकरीण यांच्याशी मी पूर्ण असहमत आहे, आणि कारण जुन्या ठाणेकरांपेक्षा वेगळं आहे.

तुम्ही हंसाबाईंच्या चाहत्या आहात की त्यांच्या आयुष्याच्या? 'सांगत्ये ऐका' पुस्तक १९७० चं. त्यातली दारू, पुरुष, घर सोडून जाणं, हे सगळं लोकांनी चवीने वाचलं. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' केला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ठीक. पण 'भूमिका'वर तास तास बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी 'संत सखू' पाहिलाय? 'सांगत्ये ऐका' याच नावाचा अनंत माने यांचा १९५९ चा तमाशापट, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला, तो पाहिलाय? त्यात हंसाबाई चालतात कशा, बोलताना मान कुठे थांबवतात, यावर कोणी दोन ओळी लिहील तर मी तिला चाहती म्हणेन. पदरवाले पदर बघतात, तुम्ही जखम बघता. पडद्यावरचं काम दोघंही बघत नाही.

माझ्या मते नटीचं खाजगी आयुष्य कळून प्रेक्षकाला काडीचा फायदा होत नाही.

पाचपाखाडीकरीण

फटका बरोबर जागी मारलात, पण नेम थोडा चुकला. ते पुस्तक त्यांनी स्वतः सांगितलंय, अरुण साधूंनी शब्दांकन केलंय. कोणी चोरून डायरी छापलेली नाही. बाई "ऐका" म्हणते आणि आपण म्हणायचं, "नको, तुम्ही फक्त नाचा"?

आणि कामाचंच म्हणाल तर शांता आपटेंचं उपोषण हे खाजगी आयुष्य का? तो रोजगाराचा प्रश्न होता. नट मंडळी महिन्याच्या पगारावर कंपनीत बांधलेली असायची, त्या काळात एक बाई एकटी फाटकावर बसते. 'अमरज्योती' १९३६ चा. त्यात दुर्गा खोटे समुद्री चाच्यांची राणी आहे, का, तर राज्याच्या कायद्याने आई म्हणून तिचा मुलावर हक्क नाही. त्याच सिनेमात शांता आपटेही आहेत. आता सांगा, असे सिनेमे करणाऱ्या बायकांनी बाहेर येऊन गप्प बसावं ही अपेक्षा कोणाची? सिनेमावाल्यांची होती तेवढीच चाहत्यांची होती.

रबाळे लोकल

मी ऐरोलीला आयटीत आहे, वय सत्तावीस, म्हणजे इथे बहुतेक शेंडेफळ. जुन्या पिढीला सगळ्यांनी झोडून झालं असेल तर आमच्याकडे पण या. आमच्या वयाच्या मुली स्मिता पाटीलच्या फॅन आहेत, मी पण आहे. काळीपांढरी फोटो, काजळ, कॉटनची साडी, खाली उदास ओळ. माझ्याच मैत्रिणीने 'तिच्यासारखा लूक' म्हणून फोटो काढून घेतले. तिचा 'जैत रे जैत' सिनेमा पाहिलास का विचारलं, तर म्हणाली रील पाहिलंय.

मला वाटतं पदर जाऊन काजळ आलं, बाकी सगळं तेच. १९८६ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेली म्हणून ती कायमची उदास आणि सुंदर. पन्नाशीची होऊन एखाद्या मालिकेत सासू झाली असती तर आम्ही एवढं केलं असतं का, शंका आहे.

ताजा कलम: रंजनाचं नाव कोणीच का घेत नाही? 'गुपचूप गुपचूप', 'बिनकामाचा नवरा', 'मुंबईचा फौजदार'. आई अजून हसून हसून पडते. तिचं कॉमेडीचं टायमिंग अशोक सराफांच्या तोडीस तोड होतं. हसवणारी बाई "अभिजात" यादीत बसत नाही वाटतं.

कोपरीपूल

रंजनासाठी +१. 'अरे संसार संसार' मध्ये रडवते पण. १९८७ च्या अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत गेली आणि आपण मंडळी पुढच्या नटीकडे वळलो. २००० साली गेली तेव्हा पेपरात वाचून कळलं की अरे, होती अजून. हे लिहायला बरं वाटत नाही.

जुना ठाणेकर

रबाळे लोकल, तुझं पटलं. पण एक सांगतो, तुम्ही सगळे प्रेक्षकाला मूर्ख समजताय. जयश्री गडकरांचं बघा. तमाशापटांत त्यांनी फड गाजवला. 'मानिनी', 'साधी माणसं'मध्ये घरंदाज झाल्या. मग १९८७ मध्ये दर रविवारी सकाळी टीव्हीवर कौसल्या. माझे वडील, ज्यांनी तारुण्यात त्यांच्या लावण्यांवर शिट्ट्या मारल्या, ते आंघोळ करून, कद नेसून 'रामायणा'ला बसायचे. त्यांना यात विसंगती वाटली नाही. प्रेक्षकाच्या मनात एकाच बाईच्या चार बाया राहू शकतात. तुम्हीच त्यांची भांडणं लावताय.

सानपाड्याची सासू

काका, चार बाया राहतात हे खरं. पण आंघोळ करून ऐकायची कौसल्याच ना? लावणीवाली आली असती तर वडील कद नेसून बसले असते का?

जुना ठाणेकर

वडील नाहीत आता, नाहीतर विचारलं असतं.

तलावपाळी

उशिरा आले. इतकं सगळं झालं आणि 'उंबरठा'चं नाव नाही? १९८२, जब्बार पटेल. दिवाळी पहाटेला आपल्याकडे हमखास 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' होतं. निवेदक कवी सुरेश भटसाहेबांबद्दल बोलतो, लतादीदींबद्दल बोलतो, हृदयनाथांच्या चालीबद्दल बोलतो. सगळं रास्त. सुलभा महाजनबद्दल, म्हणजे स्मिता पाटीलने केलेल्या नायिकेबद्दल, अवाक्षर नाही. चांगलं घर, वकील नवरा, लहान मुलगी सोडून ही बाई महिलाश्रमाची नोकरी करायला परगावी जाते, तिथला भ्रष्टाचार, तिथल्या बायकांचे एकमेकींशी संबंध, काय काय दाखवलंय त्यात. माझ्या शेजारी बसलेल्या एक बाई गाणं ऐकून डोळे पुसत होत्या. सिनेमाचा विषय निघाला तर म्हणाल्या, "मुलीला सोडून जाते ते मला नाही पटलं हो." गाणं पटलं, गाणारी नाही.

उथळसर

गाणं हे गाणं आहे. त्याला सिनेमाची कथा चिकटवायलाच हवी असं नाही. नवीन लग्न झालेली जोडपी नटूनथटून आलेली असतात, त्यांना सकाळी सहाला आश्रमातला भ्रष्टाचार सांगायचा का? आणि त्या बाईंचं मत त्यांना असू द्या. सुलभा मलाही पूर्ण पटलेली नाही. मुलगी आईला विसरायला लागते, ते सिनेमानेच दाखवलंय.

तलावपाळी

दाखवलंय, मान्य. पण शेवटी ती घरी परत येते ना, तेव्हा नवरा काय म्हणतो ते आठवतं का? दरम्यान त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ते तो सांगतो, आणि ही त्या घरात राहिली तर त्याला अडचण नसते. ती पुन्हा बॅग उचलते. मैफल नक्की कोणी सुनी केली, ते पुढच्या दिवाळीत निवेदकाला तुम्ही विचारा, मी तुमच्या शेजारचीच खुर्ची धरते.