मदत हवी आहे: पायवाटांच्या देखभालीसाठी स्वयंसेवकांचं नियोजन कसं करायचं? आणि नवीन वाट काढायची की आधी जुनी सांभाळायची?

वाटसरू_मी

नमस्कार मंडळी,

आमचा एक गट आहे, डोंगरातल्या पायवाटा चालण्यालायक ठेवायचं काम करतो. कोणाला पगार वगैरे नाही, सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडी घेऊन जायचं, झुडपं छाटायची, दगड बसवायचे, खुणा रंगवायच्या. आधी मोजकी माणसं होती तेव्हा सगळं फोनवर ठरायचं, आता व्हॉट्सॲप ग्रुप वाढलाय आणि त्याच्याबरोबर गोंधळपण. मेसेज टाकला की अंगठे ढीगभर येतात, प्रत्यक्ष येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि जी येतात ती सगळी एकाच ठिकाणी, म्हणजे गाड्या लावतो तिथपासून पहिल्या टेकाडापर्यंत. त्यामुळे तेवढा तुकडा एकदम चकाचक आणि पलीकडच्या खिंडीकडे कोणी फिरकत नाही.

आता त्या खिंडीच्या बाजूची परिस्थिती सांगते. वाट सरळ उतारावरून खाली येते, नागमोडी वगैरे काही नाही. पाण्याने मधोमध गुडघाभर खोल चर पाडलाय, झाडांची मुळं उघडी पडलीत, आणि चरात पाय घालायला नको म्हणून लोक कडेकडेने चालतात त्यामुळे एका वाटेच्या आता तीन वाटा झाल्यात. आमच्या आधी कोणीतरी तिथे लाकडी ओंडके आडवे टाकून ठेवलेत, पण त्यांच्यामागे गाळ साचून ते जमिनीबरोबर झालेत, पाणी आरामात वरून वाहतं.

दुसरं म्हणजे खुणा. एका तिठ्यावरच्या दगडावर लाल ऑइलपेंटचा बाण, त्याच्या खाली आमचा पांढरा, शेजारी कुठल्यातरी रनिंग इव्हेंटच्या फाटक्या रिबिनी, आणि कोणा महाशयांनी स्वतःचं नावपण कोरलंय. नवीन माणूस तिथे हमखास चुकतो.

आणि सगळ्यात मोठं भांडण हे की अर्ध्या ग्रुपला नवीन वाट काढायचीय, दोन जुन्या वाटा जोडून गोल फेरी करायची असा प्लॅन आहे, नकाशावर रेघ मारून तयार आहे, मधल्या जमिनीच्या मालकांनी तोंडी हो पण म्हटलंय. बाकीचे म्हणतात आधी आहे ते सांभाळा. खरं सांगू का, नवीन वाटेचं नाव काढलं की माणसं जमतात आणि गाळ काढायचंय म्हटलं की सगळ्यांच्या घरी पाहुणे येतात, त्यामुळे नाही म्हणायलापण जड जातं. तर कामाची वाटणी कशी करायची, त्या चराचं काय करायचं आणि नवीन वाटेला हो म्हणायचं का, या तिन्हीबद्दल ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

कुदळ_फावडं

चराचं आधी सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. वाट माणसांच्या पायाने जितकी खराब होते त्याच्यापेक्षा जास्त पाण्याने होते, आणि सरळ उतारावरची वाट म्हणजे पाण्याला आयता पाट. ओंडके टाकणाऱ्यांची कल्पना बरोबर होती पण ते वाटेला काटकोनात टाकले की पाणी तिथे थांबतं, थांबलं की गाळ टाकतं, आणि गाळ भरला की ओंडक्याचं काम संपलं. तिरके टाकायला हवेत, साधारण 45 ते 60 अंशात, म्हणजे पाणी वेग न सोडता बाजूला निघून जातं आणि जाताना स्वतःच गाळ ढकलून नेतं. बाहेर पडायचं तोंड चांगलं रुंद ठेवा, लोक नेमकं तेच अरुंद ठेवतात आणि पहिल्या पालापाचोळ्याने ते बुजतं.

पण ओंडक्यापेक्षा चांगला उपाय आहे तो म्हणजे उलटा चढ. उतरती वाट मध्येच काही पावलं हलकीशी वर चढवायची आणि मग परत उतरवायची. त्या खोलगट जागी पाणी आपोआप दरीच्या बाजूला बाहेर पडतं, आणि ओंडका नसल्यामुळे कुजायचा किंवा निसटायचा प्रश्नच नाही. शिवाय वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता हवा, साधारण 5 टक्के, चालणाऱ्याला जाणवतही नाही एवढा. वर्षानुवर्ष चालून मधला भाग दबतो, दरीकडची कड उंच होते आणि पाणी वाटेतच अडकतं. ती कड काढून टाकणं हे अत्यंत कंटाळवाणं काम आहे आणि त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

आणि अजून एक, गुडघाभर चर पडलेला तुकडा दुरुस्त करत बसण्यापेक्षा तेवढी वाट हलवता येते का बघा. नियम सोपा आहे, डोंगराचा उतार जितका असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको, म्हणजे डोंगर 30 टक्के तर वाट 15 च्या आत, आणि सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास राहिली तर वाट टिकते. 10 टक्के म्हणजे 10 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर, फोनमध्ये उतार मोजायचं ॲप असतं त्याच्यावर कळतं. नवीन तुकडा डोंगर कापून पूर्ण रुंदीचा काढा, निम्मा कापून निम्मी भर टाकून नको, भर घातलेली माती एक दिवस खाली जाते.

जुना चर मात्र तसाच सोडू नका हां! त्यात ठिकठिकाणी दगडांचे आडबांध घाला, माती साचू द्या, तोंडाशी फांद्या आणि झुडपं टाकून बंद करा. दिसत राहिला तर लोक तिथूनच उतरणार, तुम्ही कितीही पाट्या लावा.

नकाशेवेडी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी वाटणीबद्दल लिहिते.

"रविवारी कोण कोण येतंय" हा प्रश्न विचारणं बंद करा. त्याला सगळे हो म्हणतात कारण त्यात कोणाचंच नाव नसतं. वाटेचे तुकडे पाडा आणि एकेक तुकडा एका माणसाच्या किंवा जोडीच्या नावावर करा. अमेरिकेतली ॲपलॅचियन ट्रेल याच पद्धतीवर उभी आहे. 1921 मध्ये बेंटन मॅकाय यांनी कल्पना मांडली, 1937 मध्ये सलग वाट पूर्ण झाली, आज ती साधारण 3,500 किमी आहे, 14 राज्यांतून जाते आणि तिची रोजची देखभाल तीसेक स्वयंसेवी क्लब करतात. प्रत्येक क्लबकडे ठरलेला पट्टा आणि क्लबच्या आत बऱ्याच ठिकाणी एकेका माणसाकडे काही किलोमीटर. कॅनडातल्या ब्रूस ट्रेललाही तसंच, ती 900 किमीच्या आसपास आहे, तिथे अशा माणसाला ट्रेल कॅप्टन म्हणतात.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुकडा ज्याचा आहे त्याने सगळं काम एकट्याने करायचं नसतं. त्याने फेरी मारायची, हाताने होईल ते करायचं (फांद्या छाटणं, पाणी जायची तोंडं मोकळी करणं) आणि जे मोठं आहे त्याचा फोटो काढून लोकेशनसकट कळवायचं. मोठ्या कामाला सगळे मिळून. म्हणजे सामूहिक श्रमदान कुठे करायचं हे फेऱ्यांच्या नोंदींवरून ठरतं, गाडी कुठे लावता येते त्याच्यावरून नाही :)

नोंदीसाठी फार काही लागत नाही, शेअर केलेली एक शीट पुरे. तुकड्याचं नाव, कोणाकडे, शेवटची फेरी कधी, काय दिसलं, किती तातडीचं. व्हॉट्सॲपवर नोंदी ठेवू नका, शुभ सकाळच्या फुलांखाली गाडल्या जातात.

उनाड_पाय

मला हे नवीन वाट नको नवीन वाट नको प्रकरण पटत नाही. माणसं नवीन वाटेलाच येतात हे धागाकर्तीनेच लिहिलंय ना, मग त्यांना तिथेच पकडा की. गाळ उपसायला कोण येतं हो पहिल्यांदा, एकदा स्वतः बांधलेली वाट असली की माणूस आपणहून तिची काळजी घेतो.

कुदळ_फावडं

@उनाड_पाय काळजी घेतो, पण पहिलं वर्ष. मग उद्घाटनाचे फोटो जुने होतात. मी तरी वाट काढायच्या आधीच विचारतो की या किलोमीटरला नाव कोणाचं, आणि ज्या तुकड्याला नाव मिळत नाही तो नकाशावरच राहतो. बाकी माणसं नवीन कामाला येतात हे मान्यच आहे, म्हणून तर म्हटलं खिंडीतला तुकडा हलवा! ते नवीन वाटेचं काम आहे आणि देखभालपण आहे, दोन्ही पार्ट्या खूश.

चुना_आणि_ब्रश

खुणांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

एक आकार, एक रंग, बस. चेक देशात 1889 पासून तिथला हायकिंग क्लब हेच करत आलाय, आज 40,000 किमीपेक्षा जास्त वाटा रंगवलेल्या आहेत आणि सगळीकडे तीच खूण, 10 बाय 10 सेंटीमीटरचा चौकोन, तीन पट्टे, वरखाली पांढरा आणि मधला लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा. रंगवणारे स्वयंसेवकच, पण शिकवून तयार केलेले, आणि प्रत्येक वाट साधारण तीन वर्षांनी पुन्हा रंगवली जाते. ॲपलॅचियनवर 2 इंच बाय 6 इंचांचा पांढरा उभा पट्टा, जोडवाटांना निळा, आणि पुढे वळण असेल तर एकावर एक दोन पट्टे. बाण काढायची गरजच पडत नाही.

तुमच्या तिठ्यावर आधी तारेचा ब्रश घेऊन सगळं पुसा. लाल रंग घासून गेला नाही तर दगडाच्याच रंगाचा हात मारा. मग खूण तिठ्यावर नाही तर तिठा ओलांडल्यावर दिसेल अशी पुढे लावा, म्हणजे बरोबर वाटेला लागलेल्या माणसाला लगेच दिलासा मिळतो आणि चुकलेल्याला खूण दिसली नाही की तो परत फिरतो. आणि दोन्ही दिशांनी चालून बघा, येताना लावलेल्या खुणा जाताना दगडाच्या मागे असतात.

रिबिनी काढायला परवानगी कोणाची लागत नाही असं माझं मत आहे, इव्हेंट संपला की तो कचराच.

वाटसरू_मी

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. खिंडीतला तुकडा हलवायचा हे ग्रुपवर टाकलं तर नवीन वाटवाले सगळ्यात आधी हो म्हणाले, त्यामुळे ते भांडण तूर्तास तरी मिटलंय. उतार मोजायला कोण जाणार ते पण ठरलं.

दोन शंका राहिल्या. एक, तोंडी परवानगी पुरते का? आणि दुसरी, छाटणी किती करायची, आमच्याकडे काही उत्साही लोक कोयता हातात आला की रस्ता करतात.

नकाशेवेडी

तोंडी परवानगीवर जगात कितीतरी वाटा चालतात, ब्रूस ट्रेलचे बरेच तुकडे खाजगी जमिनीवरून जमीनमालकाच्या शब्दावर जातात. पण मालकाने किंवा जमीन विकत घेणाऱ्याने नाही म्हटलं की वाट त्या दिवशी बंद आणि तुम्ही वळसा शोधत फिरणार. म्हणून साधं का होईना लिहून घ्या, वाट कुठून जाते त्याचा नकाशा जोडा, कोणाला फोन करायचा तो नंबर द्या. आणि सरकारी जमिनीचा एक इंचही मध्ये येत असेल तर लेखीशिवाय कुदळ लावू नका, तिथे तोंडी हो म्हणणाऱ्याची बदली होते. अजून एक, परवानगी हातात येईपर्यंत ती रेघ कुठल्याही ऑनलाइन नकाशावर टाकायची नाही. एकदा जीपीएक्स फाईल (फोनवर वाट दाखवणारी जीपीएस फाईल) फिरायला लागली की लोक तुमची वाट तुमच्याआधी पाडतात, तीही सरळ उतारावरून.

कुदळ_फावडं

छाटणीसाठी चार फूट रुंद आणि आठ फूट उंच एवढा बोगदा मोकळा असला की पाठीवर सॅक घेतलेला माणूस आरामात जातो, त्याच्या बाहेरचं काहीही तोडायचं नाही, सावली राहिली तर खाली झुडपं कमी माजतात आणि पुढचं काम वाचतं. फांदी खोडाला मिळते तिथे जाडसर कडं असतं, त्याच्या जरा बाहेर कापा, अर्धवट खुंट ठेवू नका, सॅक अडकते आणि डोळ्यालाही धोका. कापलेलं सगळं वाटेपासून लांब, दरीच्या बाजूला, कापलेलं टोक वाटेकडे न दिसेल असं ठेवायचं. पण पाणी जायच्या तोंडावर नाही!! हे लोक हमखास करतात.

कोयतेवाल्यांना आधी त्या दरीकडच्या कडेवर लावा, फावडं देऊन. आणि जमलं तर ताई, पाऊस पडत असताना एकदा खिंडीत जाऊन या, छत्री नको, रेनकोट घाला आणि हातात काहीतरी खुणेला घ्या. पाणी वाटेवर कुठून येतं आणि कुठे बाहेर पडायचा प्रयत्न करतं ते तेव्हाच दिसतं, तिथे तिथे खूण करून ठेवा, उलटा चढ नेमका तिथे बसवायचा.

वाटसरू_मी

शीट बनवली, तुकडे पाडले, खिंडीचा तुकडा माझ्या नावावर घेतलाय. पहिल्या टेकाडाच्या तुकड्यासाठी अर्थातच पाच जण भांडतायत, त्यांना चिठ्ठ्या टाकायला सांगितलंय, हरलेल्यांनी तिठ्यावरचा लाल रंग घासायचा.