पीआयआर नको, हाताचे पंजे बसवा
मॉलमधल्या ख्रिसमस ट्रीचे दिवे लोकं जवळ आली की पेटावेत म्हणून काय लावायचं, असं विचारलंय. वर ज्यांनी त्याला पीआयआर सेन्सर (अंगाची उष्णता हलली की ओळखणारा) लावा म्हणलंय, त्यांचं छोट्या दुकानासाठी ठीकंय, पण इथं संभाजीनगरच्या मॉलमधली शनिवार संध्याकाळची गर्दी बघा अन मग सांगा. त्या सेन्सरला काहीतरी गरम हललं एवढंच कळतंय, कोण अन किती ते नाही, मग झाड सारखं चालूच राहणार आणि लेकरांना पत्ताच लागणार नाही की हे आपल्यामुळं व्हायलंय.

त्यापेक्षा बुंध्यापाशी हात ठेवायला पंजाच्या आकाराचे टच पॅड करा, ईएसपी32 (दिवे चालवणारा छोटा कंट्रोलर) मधे स्पर्श ओळखणाऱ्या टचच्या पिना आतच असतात, वेगळा सेन्सर लागत नाही. पंजे लेकरांच्या उंचीला लावा, मोठी माणसं वाकतील की. हात ठेवला की लगेच त्याच पंजापासून उजेड वर चढत गेला पाहिजे, जरा जरी उशीर झाला तर पोरगं पुढं निघून जातंय. चार जणांनी एकदम हात ठेवले तरच वरची चांदणी पेटेल असं केलं तर अजून मजा, अनोळखी लोकं एकमेकांना बोलवायला लागतात.

पॉवरचं मात्र कुणीच बोललं नाही वर. डब्ल्यूएस2812 (प्रत्येक दिवा वेगळा पेटवता येणारी एलईडी पट्टी) चा एक पिक्सेल, म्हणजे एक दिवा, फुल पांढऱ्यावर साधारण 60 मिलीअँपिअर खातोय, म्हणजे 300 पिक्सेलला 18 अँपिअर, तेही 5 व्होल्टवर. एकाच टोकानं सप्लाय दिला तर शेंड्याकडं पांढरा लालसर दिसतो, मधे मधे सप्लायची वायर द्यावीच लागते. अन 230 व्होल्टचा सप्लाय लेकरांच्या हाताला लागणार नाही असा पेटीत बंद.

हलता सांता पायजे असंल तर गणपतीचे देखावे करणाऱ्या पोरांना धरा, डिसेंबरात मोकळीच असतात.