मदत हवी आहे : गोल्फच्या डाउनस्विंगमध्ये (काठी खाली आणताना) वजन उजव्या पायावरच अडकतं

नमस्कार मंडळी. मी उजव्या हाताने खेळतो, गोल्फ सुरू करून दीड वर्ष झालं. सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या डोक्याच्या क्लबने, म्हणजे काठीने) मारताना क्लब चेंडूच्या चार बोटं आधीच मातीत घुसतो आणि चेंडू जेमतेम 60-70 यार्ड जातो. काल भावाने मोबाइलवर व्हिडिओ काढला, तेव्हा कारण दिसलं. शॉट संपला तरी उजवी टाच जमिनीला चिकटलेली, अंग मागे झुकलेलं. खरं तर तेव्हा वजन डाव्या पायावर आणि उजव्याची फक्त बोटं टेकलेली हवीत.

बॅकस्विंगमध्ये (काठी मागे नेताना) वजन उजव्या पावलाच्या आतल्या कडेवर हवं, हे कळतं. पण माझं बाहेरच्या कडेवर सरकतं, गुडघा ताठ होतो, मग परतायला वेळच उरत नाही.

प्रसिद्ध अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलस बॅकस्विंगला डावी टाच उचलायचे आणि ती टेकवत खाली यायचे. तसं करून पाहिलं. दहातले तीन चेंडू इतके स्वच्छ लागले की हाताला धक्काही जाणवला नाही! बाकीच्या वेळी तोल गेला. नवशिक्याने हे करावं, की टाचा टेकवून आधी अर्धाच स्विंग घोटावा? डावं पाऊल किती बाहेर वळवता? कुणाची ही सवय सुटली असेल तर नेमकं काय केलंत ते कृपया सांगा.