सिनेमाची कृष्णधवल फिल्म (५२२२) साध्या कॅमेऱ्यात वापरण्याविषयी

मासुंदा

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. निकॉन एफएम२ वर कृष्णधवल छायाचित्रण करतो आणि रोल घरीच धुतो. चित्रपटांच्या कॅमेरा विभागात काम करणाऱ्या एका परिचितांकडे ईस्टमन डबल-एक्स ५२२२ या फिल्मचा चारशे फुटांचा न उघडलेला एक डबा आहे, आणि त्याच फिल्मचा एक शॉर्ट एंडही आहे, म्हणजे चित्रीकरणानंतर मॅगझिनमध्ये उरलेला आणि पुन्हा डब्यात भरून ठेवलेला तुकडा. दोन्ही वाजवी किमतीत द्यायला ते तयार आहेत.

माझ्या शंका अशा. सिनेमाच्या फिल्मच्या पाठीवर काजळीसारखा थर असतो आणि तो घरच्या टाकीत धुताना रसायने खराब करतो, असे वाचले होते. ते या फिल्मलाही लागू आहे का? तिची भोके वेगळ्या मापाची असतात म्हणे. त्याने कॅमेऱ्याला इजा होईल का? माझ्या बल्क लोडरमध्ये (लांब रिळातून कॅसेट भरण्याच्या डबीत) शंभर फूटच मावतात, तेव्हा चारशे फुटांचे भाग घरच्या घरी कसे करावेत? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डेव्हलपर कोणता वापरावा, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात? अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना_रिळवाला

मासुंदा, नमस्कार. काजळीची शंका आधी मिटवतो, कारण तिच्यापायी पुष्कळ लोक विनाकारण माघार घेतात. तो थर, म्हणजे रेमजेट, कोडॅकच्या रंगीत सिने-निगेटिव्हच्या पाठीवर असे. डबल-एक्सवर तो नाही. १९५९ साली आलेल्या या फिल्ममध्ये ते काम बेसलाच, म्हणजे फिल्मच्या पारदर्शक पट्टीलाच, दिलेली करडी छटा करते: तेजस्वी वस्तूंचा प्रकाश बेसमधून परतून त्यांच्याभोवती वलय उमटू नये, एवढाच तिचा हेतू. त्यामुळे धुतलेली निगेटिव्ह नेहमीपेक्षा जरा मळकट दिसते. तो फॉग, म्हणजे प्रकाश न पडताही आलेला काळेपणा, नव्हे, आणि कितीही वेळ फिक्सरमध्ये (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) ठेवली तरी ती छटा जाणार नाही.

भोकांचे म्हणाल, तर फरक आहे, पण तो कागदावरचा. सिनेमाच्या निगेटिव्हची भोके बेल अँड हॉवेल पद्धतीची, दोन्ही बाजूंनी फुगीर असतात आणि त्यांच्यातले अंतर ०.१८६६ इंच असते. आपल्या नेहमीच्या रोलची भोके आयताकृती, गोलसर कोपऱ्यांची असून अंतर ०.१८७० इंच असते. स्थिरचित्राच्या एका चौकटीला आठ भोके लागतात, म्हणजे चौकटीमागे तफावत एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी. कॅमेऱ्याच्या दात्यांना ती जाणवत नाही. मुळात ३५ मिमीचा छोटा कॅमेरा जन्माला आला तोच सिनेमाच्या फिल्मवर. ऑस्कर बार्नाक यांनी १९१३ च्या सुमारास सिनेमाची चार भोकांची चौकट दुप्पट करून आठ भोकांची, २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेतली, आणि १९२५ मध्ये लायका विक्रीला आला. भीती बाळगायचीच असेल, तर पॉलिएस्टर बेसवरच्या प्रिंट फिल्मची बाळगावी. ती अडकली तर स्वतः फाटत नाही, कॅमेऱ्याच्या गिअरवर ताण आणते. डबल-एक्सचा बेस ॲसिटेटचा आहे.

आता चारशे फुटांचे भाग. हे काम अवघड नाही, पण सगळे मिट्ट काळोखात करायचे असल्याने आधी उजेडात, टाकाऊ फिल्म घेऊन त्याची तालीम करावी. दोन इंची गाभ्यावर गुंडाळलेल्या चारशे फुटांच्या रिळाचा व्यास सुमारे पंधरा-सोळा सेंटिमीटर भरतो. काळोखात फूट मोजता येत नाहीत. वळसे मोजावेत तर मध्येच विसरायला होते. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याला साडेआठ सेंटिमीटर रुंदीची खाच कापावी. नवे रीळ गुंडाळत असताना ते अधूनमधून त्या खाचेत सरकवून पाहावे. कडा दोन्ही बाजूंना टेकू लागल्या की थांबावे आणि कापावे. दोन इंची गाभ्यावर हे साधारण नव्वद फूट होतात. पूर्ण शंभर फूट भरण्याचा हट्ट धरू नये, कारण त्या गाभ्यावर शंभर फूट लोडरच्या पोटात जेमतेम बसतात आणि कड घासत राहते. उरलेला तुकडा मूळ काळ्या पिशवीत घालून डब्यात ठेवावा आणि डब्याच्या कडेला चिकटपट्टी फिरवावी.

सैल गुंडाळले गेले तर टोक ओढून रीळ आवळण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. वळसे एकमेकांवर घासतात आणि सबंध लांबीभर बारीक ओरखडे पडतात, ते धुतल्यावरच दिसतात. सैल झाले असेल, तर पुन्हा सावकाश गुंडाळावे. सावकाश यासाठीही, की डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत वेगाने गुंडाळलेल्या फिल्मवर स्थिर विजेच्या ठिणग्या उमटतात; पावसाळ्यात हा धोका नसतो, पण तेव्हा ओलाव्याचा असतो. हात चेंजिंग बॅगमध्ये (प्रकाशबंद पिशवीत) घामेजतात, म्हणून चारशे फुटांसाठी बॅग वापरूच नये. रात्री, खिडकी झाकलेली न्हाणीघराशेजारची खोली बरी. पंखा बंद असावा, पण आधी तासभर खोली थंड करून घ्यावी.

सानपाडा_३५

जुना_रिळवाला यांनी यांत्रिक बाजू पूर्ण मांडली आहे, म्हणून मी फक्त रसायनांविषयी लिहितो. या फिल्मची गती दिवसाच्या उजेडात आयएसओ २५० आणि टंगस्टन दिव्यांखाली २०० धरतात. डब्यातून आलेल्या फिल्मला डीएक्स कोड, म्हणजे कॅमेऱ्याला गती कळवणारी कॅसेटवरची खूण, नसतो, पण एफएम२ वर २५० हाताने लावता येते, त्यामुळे आपल्याला अडचण नाही. ज्यांचे कॅमेरे कोड वाचूनच चालतात त्यांनी काळजी घ्यावी, कारण कोड न दिसल्यास असे बरेच कॅमेरे १०० धरतात.

सिनेमाच्या लॅबमध्ये ही फिल्म डी-९६ मध्ये धुतात. हा डेव्हलपर डी-७६ चाच चुलतभाऊ आहे, पण मवाळ. डी-७६ च्या एका लिटरमध्ये मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम असते. डी-९६ मध्ये मेटॉल १.५, सल्फाइट ७५, हायड्रोक्विनोन १.५, बोरॅक्स ४.५ आणि पोटॅशियम ब्रोमाइड ०.४ ग्रॅम. हायड्रोक्विनोन एवढे कमी का, याचे उत्तर पडद्यावर आहे. सिनेमाची निगेटिव्ह पुढे अतिशय कडक कॉन्ट्रास्टच्या प्रिंट फिल्मवर छापली जाते, म्हणून ती मुद्दाम मऊ, सुमारे ०.६५ गॅमापर्यंतच (गॅमा म्हणजे कॉन्ट्रास्टचे माप) धुतात. आपण एन्लार्जरखाली नेहमीच्या कागदावर छापणार असाल, तर डी-७६ हाच सोयीचा. मी तो एकास एक पातळ करून वापरतो. केवळ स्कॅन करणार असाल, तर डी-९६ ची मऊ निगेटिव्ह उत्तम, कारण उजळ भागांतले बारकावे त्यात चांगले राहतात. तयार पाकीट मिळाले नाही, तर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्यांकडे हे सारे घटक चौकशीअंती मिळतात. वजनकाटा मात्र दशांश ग्रॅम दाखवणारा हवा.

उन्हाळ्याचा प्रश्न खरा आहे. मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी तिशीच्या पुढेच असते, आणि त्या तापमानाला डेव्हलपिंगचा वेळ इतका कमी होतो की द्रव ओतण्या-काढण्यातच असमान पट्टे पडतात. पाच मिनिटांखाली जाऊ नये, हा नियम पाळावा. मी रुंद टबात पाणी घेऊन त्यात बर्फाच्या बंद बाटल्या सोडतो आणि डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारे द्रावण), फिक्सर, शिवाय धुण्याच्या पाण्याच्या पहिल्या दोन बाटल्या, सगळ्यांना २४ अंशांवर आणतो. २० अंशांवर आणण्याचा आटापिटा करण्यापेक्षा २४ वर स्थिर राहणे सोपे जाते. दर अंशामागे वेळ ढोबळमानाने दहा टक्क्यांनी कमी करावा आणि मग चाचणीने पक्का करावा. डेव्हलपर थंड आणि धुण्याचे पाणी गरम, असे झाले तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात. पूर्वी उष्ण प्रदेशांत डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून जिलेटिनची सूज आवरत असत. सल्फेट आणि सल्फाइट यांत गल्लत करू नये.

फिक्सरची वेळ पुस्तकावरून घेऊ नये. उजेडात गेलेला एक तुकडा फिक्सरमध्ये टाकावा, तो स्वच्छ पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे आणि त्याच्या दुप्पट वेळ ठेवावा.

खाडीपूल

थोडा विरोधी सूर लावतो, गैरसमज नसावा. छत्तीस चित्रांच्या एका रोलला टोके धरून सुमारे १.६५ मीटर फिल्म लागते. चारशे फूट म्हणजे १२२ मीटर. वाया जाणारे धरले तरी सत्तरच्या आसपास रोल होतात. महिन्याला एखादाच रोल काढणाऱ्याला तो डबा पाच-सहा वर्षे पुरेल, आणि तेवढा काळ उघडलेली फिल्म ठाण्याच्या हवेत सांभाळणे हाच एक उद्योग होऊन बसेल. इल्फर्ड एचपी५, केंटमेअर किंवा फोमाची फिल्म शंभर फुटांच्या डब्यात मिळते, थेट लोडरमध्ये जाते, आणि तिच्या कडेला चौकटींचे क्रमांकही असतात. डबल-एक्सवर सिनेमाच्या संपादनासाठीचे कडेचे आकडे असतात. ते आपल्या चौकटींशी जुळत नाहीत, आणि कॉन्टॅक्ट शीटवर (सगळ्या चौकटी मूळ मापात छापलेल्या कागदावर) 'अकरावे चित्र मोठे करा' असे सांगण्याची सोय राहत नाही. स्वस्ताई हे एकच कारण असेल, तर हिशेब पुन्हा करावा.

जुना_रिळवाला

खाडीपूल यांचे गणित बरोबर आहे आणि महिन्याला एक रोल काढणाऱ्याने त्यांचेच ऐकावे. पण डब्याचे खरे मोल स्वस्ताईत नाही. संपूर्ण डबा एकाच एमल्शनचा (प्रकाशसंवेदी लेपाचा), एकाच बॅचचा असतो. एकदा गती आणि डेव्हलपिंगची वेळ चाचणीने ठरली, की पुढचे सत्तर रोल त्याच मापाने जातात. कॅमेरामन मंडळी एका चित्रपटासाठी शक्यतो एकाच बॅचचा रॉ स्टॉक मागतात, ते याचसाठी. मासुंदा यांनी तलावपाळीची किंवा घोडबंदर रस्त्याची एखादी दीर्घ मालिका मनात धरली असेल, तर हा डबा तिला शोभेल. बाकी, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळत होती त्या काळी काळोखात कॅसेट भरणे हे काम स्टुडिओतल्या पोऱ्यालाही येत असे. आज त्याला उगाच वलय आले आहे.

मासुंदा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. महिन्याला चार-पाच रोल होतात, त्यामुळे डबा घेण्याकडेच कल आहे. दोन शंका उरल्या. लोडरने भरलेल्या रोलची शेवटची चित्रे नेहमी काळी जातात, त्यावर उपाय आहे का? आणि शॉर्ट एंड किती जुना आहे हे परिचितांनाही आठवत नाही. तो घ्यावा का?

जुना_रिळवाला

लोडरमध्ये फिल्मचे टोक कॅसेटच्या दांडीला उजेडातच चिकटवावे लागते, म्हणून शेवटच्या दोन-तीन चौकटी जाणारच. त्या वाचवायच्या असतील, तर लोडर बाजूला ठेवून काळोखात भरावे. दाराच्या आतल्या बाजूला दीड मीटरहून थोडे जास्त, म्हणजे १.६५ मीटर अंतरावर दोन बोथट खुंट्या लावाव्यात, फिल्म एकीपासून दुसरीपर्यंत धरून कापावी आणि कडांनीच धरून कॅसेटमध्ये गुंडाळावी. कॅसेटच्या तोंडाची मखमल प्रत्येक वेळी चिकटपट्टीने साफ करावी. तिच्यातला एक कण छत्तीसही चित्रांवर सरळ रेघ ओढतो.

न उघडलेला डबा फ्रिजमध्ये, १३ अंशांखाली, हवाबंद पिशवीत ठेवावा. सहा महिन्यांहून अधिक ठेवायचा असेल, तर फ्रीजरमध्ये. उघडण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढावा आणि तोवर पिशवीही सोडू नये, नाहीतर पावसाळ्यात थंड रिळावर दव धरते.

शॉर्ट एंडचा निर्णय विकत घेण्याआधी करता येतो. काळोखात त्याचे दोन बोटभर तुकडे कापून घ्या. एक नुसता फिक्स करा. दुसरा तुमच्या नेहमीच्या वेळेइतका डेव्हलप करून मग फिक्स करा. दोन्ही सुकल्यावर पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. बेसची करडी छटा दोन्हींत सारखीच असेल, त्यावर जो काळेपणा दुसऱ्या तुकड्यात वाढलेला दिसेल तो फॉग. किंचित असेल, तर १२५ किंवा १६० गतीवर वापरून टाकण्यासारखा आहे. डोळ्यांत भरण्याइतका असेल, तर परिचितांना तसे सांगून फक्त न उघडलेला डबा घ्या, आणि त्याच्या लेबलवरचा एमल्शन व रोल क्रमांक पट्टी फाडण्याआधी वहीत उतरवून ठेवा.