मदत हवी आहे: घरातल्या सेंद्रिय मातीत चिलटं झालीत, सापळे भरतात पण संपत नाहीत

राजारामपुरी_तिसरा_मजला

आतल्या खोलीत एलईडी दिव्यांखाली ८ इंची १५ कुंड्या आहेत: इटालियन तुळस, पुदिना, चेरी टोमॅटो आणि मिरचीची रोपं. मिश्रणात लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट समान भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. दर आठवड्याला कुंडीमागे १०० मिली जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, पीठ आंबवून केलेलं पातळ खत), न गाळता. वरून उसाच्या पाचटाचं आच्छादन. दिवे १२ तास. पावसामुळे खिडक्या बंद, तापमान २५ अंशांच्या आसपास, पाणी एक दिवसाआड.

जून संपल्यापासून डासापेक्षा लहान, काळी चिलटं मातीवर धावताना दिसतात. कुंडी हलवली की उठतात आणि परत तिथंच बसतात. मिरचीची दोन पानांवरची रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतायत. तुळशीची खालची पानं पिवळी पडायला लागलीत. पिवळे चिकट सापळे लावले, ते भरतात, पण नवीन येतच राहतात.

हायड्रोजन पेरॉक्साइड ओतावं की नाही? मातीतले उपयोगी जिवाणू मरतील ही भीती आहे. दाणेदार कीटकनाशक वापरायचं नाही, कारण सगळं खाण्यासाठी लावलंय.

पन्हाळ्याची_तांबडी

आधी ही बुरशीची चिलटंच आहेत ना, ते बघा. सापळ्यावरचं एक चिलट भिंगाखाली धरा. लांब पाय, लांब मिशा, पंखाच्या टोकाकडं वाय अक्षरासारखी फुटलेली शीर असेल तर तीच. ठेंगणं, छोट्या घरमाशीसारखं आणि पंखांवर फिकट ठिपके असतील तर ती शेवाळावरची माशी. ती मुळं खात नाही. लाल डोळ्यांची असतील तर ती फळांवरची, त्यांचा उगम कुंडीत नव्हे, स्वयंपाकघरात.

मग अळीचा तपास. कच्च्या बटाट्याच्या अर्धा सेंटीमीटर जाड चकत्या कापा. पाचट बाजूला सारून एकेक चकती मातीला चिकटेल अशी ठेवा. ती सुकू नये म्हणून वर छोटी वाटी पालथी घाला. दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. पांढरट, जवळजवळ पारदर्शक अंग आणि चकचकीत काळं डोकं, लांबी फार तर अर्धा सेंटीमीटर, अशा अळ्या दिसल्या तर खात्री झाली. प्रत्येक कुंडीत किती निघाल्या ते लिहून ठेवा. १५ पैकी बहुधा चार-पाच कुंड्याच मुख्य घर असतात.

सापळ्यांनी संपत नाहीत याचं कारण साधं आहे. उडणारं चिलट आठवडा-दहा दिवस जगतं आणि तेवढ्यात मादी शंभरावर अंडी घालून जाते. अंड्यापासून चिलट व्हायला २५ अंशांना साधारण तीन आठवडे लागतात आणि त्यातला मोठा काळ अळी मातीच्या वरच्या तीन-चार सेंटीमीटरमध्ये असते. सापळा फक्त शेवटचा टप्पा पकडतो. तरी काढू नका, मोजणीसाठी तो हवाच. फक्त उभा टांगण्याऐवजी मातीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर आडवा ठेवा, ती खालीच घुटमळतात.

परसदार_को

मला दोष चिलटांपेक्षा तुमच्या वाढपात दिसतो. पोटात कडधान्याचं पीठ आणि गूळ असलेलं जीवामृत न गाळता कुंडीत ओतलं की पिठाचा साका वरच राहतो. शेतात तो ऊन, वारा, गांडुळं यांच्यात दोन दिवसांत जिरतो. बंद खोलीत पाचटाखाली त्यावर पांढरी बुरशी येते, आणि ती बुरशी हेच या अळ्यांचं मुख्य अन्न. निंबोळी पेंडेचंही तसंच: मिश्रणात मुरलेली चालते, ओल्या मातीवर पसरलेली बुरसते. कोल्हापुरात जीवामृत न घालणारा बागवाला विरळा, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितोय. वाईट काहीच नाही, पण जीवामृताचं एकरी २०० लीटरचं मोजमाप शेतासाठी आहे.

म्हणून आजच करायचं: पाचट काढा आणि घराबाहेर न्या. वरची दोन सेंटीमीटर माती चमच्यानं खरवडून पिशवीत बांधा, तिच्यातच बहुतेक अंडी आणि अळ्या असतात. ती माती घरातल्या दुसऱ्या कुंडीत टाकू नका. जीवामृत तीन आठवडे बंद. नंतर द्यायचंच तर दुहेरी फडक्यातून गाळून, एकाला दहा पाणी करून, महिन्यातून एकदा पुरे.

खरवडलेल्या जागी भरड वाळू. ८ इंची कुंडीला दीड सेंटीमीटर थर म्हणजे अर्धा लीटरभर. १५ कुंड्यांना साडेसात लीटर. बांधकामाची वाळू पिठाच्या चाळणीतून चाळा आणि चाळणीत उरलेलीच घ्या, नंतर धुऊन वाळवा. बारीक वाळू ओल धरून बसते आणि उलट मदत करते. हे करताना पाणी वरून घालायचं नाही. परातीत तीन-चार सेंटीमीटर पाणी घ्या, कुंडी २० ते ३० मिनिटं ठेवा, मग उचलून निथळू द्या. परातीत पाणी साचू देऊ नका. एवढं सांभाळूनही चिलटं तळाच्या भोकांतून आत जातात, म्हणून तिथं जुन्या ओढणीचा तुकडा दुहेरी करून लावा. मच्छरदाणीची जाळी जाड पडते.

एक दिवसाआड हा नियमच सोडा. जुलैत बंद खोलीत झाड पाणी कमी पितं. पाणी दिल्यावर कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या आणि निम्मी हलकी वाटेपर्यंत थांबा. छोटा पंखा कुंड्यांच्या काठावरून वारा जाईल असा लावा. ही चिलटं कच्ची उडतात, आणि पृष्ठभागही सुकतो.

मुळापासून

वरची दोन्ही उत्तरं पटली. आता मातीत आधीच असलेल्या अळ्यांबद्दल.

पेरॉक्साइडची शंका रास्त आहे. ३ टक्क्यांचं, एकाला चार पाणी या प्रमाणात घातलं तर स्पर्श झालेल्या अळ्या मरतात, पण असर फेसासोबतच संपतो, अंडी बरीचशी वाचतात आणि ट्रायकोडर्मासारखी मुद्दाम घातलेली उपयोगी बुरशीही मरते. ज्या मातीची तुम्ही काळजी घेता तिच्यावर तो डाव खेळू नका.

बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हा अळ्या मारणारा जिवाणू, हा खरा उपाय. दुकानात नाव पूर्ण वाचा. कृषी सेवा केंद्रात नुसतं ‘बीटी’ म्हटलं की कुर्स्टाकी जातीची पुडी हातात येते. ती पतंगवर्गीय अळ्यांसाठी, माशीवर्गीय अळीवर निरुपयोगी. इस्राएलेन्सिस डासांच्या अळ्यांचं औषध म्हणून विकलं जातं, ते मागा. पुड्यावर मिलिग्रॅममागे किती आयटीयू (औषधाच्या ताकदीचं एकक) ते लिहिलेलं असतं. ३००० आयटीयूची भुकटी असेल आणि प्रादुर्भाव जोरात असेल तर लीटरला १ ते २ ग्रॅम. ताकद वेगळी असेल तर त्या हिशेबानं कमी-जास्त करा. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा, भुकटी तळाला बसते म्हणून ओतताना ढवळत राहा, आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

हे मात्र वरूनच द्यावं लागतं, कारण औषध अळी जिथं खाते तिथं पोचायला हवं: ८ इंची कुंडीला २०० मिली, वाळूतून हळूहळू. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं आणि मातीत काही दिवसांतच निष्प्रभ होतं. त्यामुळं पाच ते सात दिवसांनी, असं एकूण तीनदा. लोक पहिल्या हप्त्यानंतर सापळा भरलेला बघून ‘गुण नाही’ म्हणून सोडतात. कोषातली चिलटं तोवर बाहेर येतच असतात, त्यांच्यावर हे चालत नाही.

बीटीआय मिळालंच नाही तर १०,००० पीपीएमचं ॲझाडिरॅक्टिन (कडुनिंबातलं कीडनाशक द्रव्य) लीटरला २ मिली, मातीत. अळीला कात टाकता येत नाही, पण गुण यायला आठवडा लागतो. दोन्ही एका दिवशी देऊ नका. कडुनिंबानं अळीचं खाणं मंदावतं आणि मग बीटीआय पोटात जात नाही. बीटीआय देताना बटाट्याच्या चकत्याही काढून घ्या, नाहीतर अळ्या त्याच खात बसतात.

उसातल्या हुमणी अळीसाठी मिळणारे सूत्रकृमी (अळ्या मारणारे सूक्ष्म जंत) इथं घालावेत का, हे कुणीतरी विचारेलच. चिलटांसाठी नावाजलेली जात स्टायनरनेमा फेल्टिए. हुमणीसाठी मिळतात ते बहुधा हेटेरोऱ्हॅब्डायटिस, त्यांच्या भरवशावर राहू नका.

राजारामपुरी_तिसरा_मजला

मनापासून आभार. बटाट्याखाली काळ्या डोक्याच्या अळ्या निघाल्या: पुदिन्याच्या दोन कुंड्यांत वीसच्या वर, मिरचीत सात, बाकीत एक-दोन. पाचट काढलं, वाळू चाळली. दोन शंका. रोपं तर पूर्ण सुकवता येत नाहीत, त्यांचं काय? आणि गच्चीवर पोत्यात उरलेलं गांडूळखत वापरू का?

पन्हाळ्याची_तांबडी

पुदिना आजच त्या खोलीतून हलवा. पावसाच्या आडोशाला, सज्जात चालेल.

कोलमडलेली मिरचीची रोपं मातीसकट काढून टाका. बुडाशी काळं पडणं ही पिथियमसारख्या बुरशीची खूण. अळी मुळाला जखम करते आणि ती बुरशी एका कुंडीतून दुसरीत नेतेही. उरलेल्या रोपांना ट्रायकोडर्मा लीटरला ५ ग्रॅम, कुंडीत ५० मिली. तो चिलटं मारत नाही, रोपमर आवरतो. नवीन पेरणी सेंद्रिय मिश्रणात करूच नका. नुसतं धुतलेलं कोकोपीट घ्या, चौथं पान येईपर्यंत रोपाला खत लागत नाही. ट्रेवर ओढणीचं कापड ताणून बांधा आणि पाणी फक्त खालून.

परसदार_को

पोत्यातलं खत तसंच आत आणू नका, पावसाळ्यात उघड्या पोत्यात बहुधा अंडी असतात. आधी बटाट्याची चकती ठेवून बघा. अळ्या निघाल्या तर थोडं थोडं घेऊन वाफवा: वेगळ्या पातेल्यात चाळणीवर फडक्यात बांधून, मधोमध ७० अंश झाल्यापासून अर्धा तास. थर्मामीटर खुपसून बघा, अंदाजानं नको. गार झाल्यावर किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळा, आठवडाभर झाकून ठेवा, मग वापरा. बाकीचं पोतं मे महिन्यापर्यंत ठेवा. तेव्हा ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर पातळ पसरलं की महिनाभराच्या उन्हात काम होतं.

मुळापासून

तिसऱ्या हप्त्यानंतर दहा दिवसांनी नवे सापळे लावा आणि बटाटा परत ठेवा. सापळ्यावर आठवड्यात दोन-तीनच चिकटली आणि चकत्या स्वच्छ निघाल्या तर पातळ जीवामृत सुरू करायला हरकत नाही. एखाद्या कुंडीत अळ्या सापडल्या तर तेवढीच वेगळी काढून तिलाच चौथा हप्ता द्या, सगळ्यांना नको. आकडे इथं टाका, पुदिन्याचे विशेष करून.