नेहमीच्या यादीबाहेरचा टॅरंटुला सुचवा (जागा कमी, खोली थंड)

आठपाय्या:
मंडळी, मुक्काम लीड्स, इंग्लंड. घरात एक ब्रॅकिपेल्मा हामोरी आणि एक क्रोमॅटोपेल्मा असे दोन टॅरंटुला (मोठे केसाळ कोळी) आहेत. पुढचा कोणता घ्यावा असं कुठेही विचारलं की त्याच पाच-सहा नावांचा पाढा ऐकायला मिळतो. फळीवर ३० सेंमी लांबीचे दोन डबे मावतील. थंडीत रात्री खोली १९ अंशांपर्यंत उतरते, हीट मॅट (डब्याला ऊब देणारी विजेची चटई) लावायची नाही. आपल्या सह्याद्रीतल्या पोएसिलोथेरिया रेगालिसचा मोह होतो, पण त्याचा वेग आणि विष मला झेपणारं नाही. ज्याच्याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात असं काही आहे का?

मातीखाली:
युपॅलेस्ट्रस कॅम्पेस्ट्रॅटस. पॅराग्वे, ब्राझील आणि अर्जेंटिनातल्या ग्रान चाको भागातला. फोटोत तपकिरी ढेकूळ दिसतो, म्हणून कुणी विचारत नाही. खरा रंग पाहायचा तर नुकतीच कात टाकलेला पाहा: पायांवर लांबीच्या दिशेने मलईसारखे, किंचित गुलाबी पट्टे, आणि सर्वांत मागच्या पायांच्या पोटऱ्या पैलवानासारख्या फुगलेल्या. पूर्ण वाढलेल्या मादीचा पायांचा पसारा १२ ते १५ सेंमी. स्वभाव इतका थंड की पाण्याची वाटी उचलली तरी जागचा हलत नाही.

डबा ३०×२०×२० सेंमीचा. कोकोपीट आणि बिनखताची माती निम्मी-निम्मी. मुठीत आवळल्यावर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये, इतकीच ओल. हे मिश्रण हाताने दाबून १० सेंमी भरा, पातळ भराल तर आतलं बीळ ढासळतं. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीच्या आत ठेवा. हे जमिनीवरचे जड कोळी काचेवर चढतात आणि पडतात. पोट फाटलं तर रक्त थांबत नाही, खेळ खलास.

१९ अंश त्याला चालतात, फक्त भूक मंदावते. मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी एक रातकिडा पुरे, कधी महिनोन्महिने उपासही करतो. पोट गुबगुबीत आहे तोवर काळजी नको. उणीव एकच, वाढ गोगलगायीच्या चालीने होते. म्हणून स्लिंग (अगदी बारकं पिल्लू) न घेता चार-पाच सेंमीचं पिल्लू घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी.

रवाळ:
कॅम्पेस्ट्रॅटस उत्तमच, पण जागा कमी म्हणताय तर बुटक्या जातींकडे का पाहत नाही? सिरिओकॉस्मस एलेगन्स. व्हेनेझुएला आणि त्रिनिदादचा. मादी पायांसकट जेमतेम चार-पाच सेंमी. पुढच्या तांबूस कवचावर पत्त्यातल्या बदामासारखा काळा ठिपका, पोटावर वाघासारखे पट्टे. तिला १२ सेंमीचा चौकोनी डबा पुरतो, म्हणजे तुमच्या एका डब्याच्या जागी दोन राहतील.

गोची पिल्लांची आहे. ती दोन-तीन मिलिमीटरची असतात आणि बहुतेक दोनच कारणांनी जातात: सुकून किंवा पळून. ३० मिलीची झाकणाची वाटी घ्या, दोन तृतीयांश चाळलेली माती भरा, कडेला पेन्सिलीने तिरकं भोक पाडून द्या. हवेची भोकं तापवलेल्या बारीक टाचणीने पाडा. रव्याचा कण आरपार जात असेल तर भोक मोठं झालं.

वरून फवारा मारू नका. लहान पिल्लांच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर फार पातळ असतो, म्हणून त्यांना ओल लागते, पण ती खालच्या मातीत. ड्रॉपरने वाटीच्या भिंतीलगत चार-सहा थेंब सोडा, तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहायला हवा. वरून भिजवलं की बुरशी धरते. खायला स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले उड्या मारणारे सूक्ष्म किडे), बिनउडत्या फळमाश्या, नाहीतर रातकिड्याचा तोडलेला पाय बिळाच्या तोंडाशी ठेवायचा. उरलेलं २४ तासांत चिमट्याने काढा, नाहीतर माइट (सूक्ष्म कीड) आलेच.

हीट मॅट नको म्हणालात ते बरंच. बिळातला कोळी गरम झालं की खाली जातो, आणि मॅट खालीच असेल तर तिथे भाजून निघतो. वाटी सर्वांत वरच्या फळीवर ठेवा, तिथे दोन-एक अंश आयते मिळतात.

दारामागे:
इथे आता कुणीतरी निओहोलोथेले इन्सेई सुचवेलच. देखणा आहे, जाळंही भरपूर विणतो, पण झाकण उघडताच पाऱ्यासारखा निसटतो. तिसरा कोळी म्हणून मी तरी नाही म्हणेन.

माझ्या मते खरा अन्याय झालाय तो इडिओथेले मिरावर. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळमधला, शास्त्रीय वर्णन २०१० चं. पायांची टोकं निळी. हा बिळाला रेशीम, माती आणि पालापाचोळ्याचं बिजागरीचं झाकण करतो. दिवसा पाहाल तर डबा रिकामा. रात्री मंद लाल दिव्यात रातकिडा सोडा: झाकण नखभर उचकटतं, निळे तळवे दिसतात, आणि रातकिडा गायब. त्याला १५ सेंमी खोल माती हवी, त्यात थोडी चिकणमाती आणि वर सुकी पानं. पण हा आफ्रिकी आहे. उडवायला खाजरे केस नाहीत, म्हणून थेट चावतो, आणि चावा दुखरा असतो. कॅम्पेस्ट्रॅटस आणि एलेगन्स खाजकुयलीसारखे केस झाडतात, तिथे हातमोजे आणि डोळ्याला हात न लावणं इतकं पथ्य पुरतं. त्यामुळे मिरा वर्षभराने.

आठपाय्या:
एलेगन्स पक्का. एकच शंका: पिल्लाने बीळ मातीने बंद केलं तर खाणं टाकत राहायचं का?

रवाळ:
अजिबात नाही. बहुतेकदा कात टाकायची तयारी असते. त्या काळात जिवंत किडा आत राहिला तर मऊ पडलेल्या कोळ्यालाच कुरतडतो. उकरून पाहू नका, तळाची ओल तेवढी सांभाळा. बीळ उघडल्यावरही चार-पाच दिवस थांबा. कात टाकल्यावर दात आधी पांढरे, मग लालसर असतात, ते काळे झाल्याशिवाय काही देऊ नका. मोठ्या कोळ्याला हेच दहा ते चौदा दिवस लागतात.